लंकाआत्यांना, ऑइलच्या काट्याविषयी

निफाड,
मंगळवार, ८ सप्टेंबर १९८१

तीर्थस्वरूप लंकाआत्यांना मैनाचा वाकून नमस्कार. (वाकून केला आहे, पण दात-ओठ खाऊन.)

तुमचे गुडघे कसे आहेत? नांदगावला पाऊस झाला का? शेळी व्याली का? या चौकशा मनापासून आहेत आणि त्या इथेच संपतात, कारण मला भयंकर राग आला आहे आणि तो थंड व्हायच्या आत हे पत्र पेटीत पडायला हवं. (वाल्मीकदादा, आत्यांना पत्र वाचून दाखवताना तू कडू वाक्यं गाळतोस, हे मला माहीत आहे. हे सगळं वाचायचं, आणि मोठ्यानं.)

पोळ्याला तुम्ही वाल्मीकदादाला घेऊन आलात. रिकामा गोठा पाहून पदरानं डोळे पुसलेत, "पुरण मीच वाटणार" म्हणून पाट्यावर बसलात आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. जेवताना एक पोळी कमी पडली, तीही नेमकी माझी. तेव्हा मी भातावर भागवलं. बैल विकायला मीच लावले, हे मला मान्य आहे. घरातली पहिली बी.ए. म्हणून अण्णांनी जन्मात एकदाच माझं ऐकलं, ते हेच, की जुना का होईना, ट्रॅक्टर घ्या, मुक्या जनावराच्या मानेवर किती दिवस जगायचं. तेव्हापासून न बोलता ठरलेलं आहे, की ट्रॅक्टर चालला तर घरात माझा शब्द चालणार आणि ट्रॅक्टर बसला तर मीही गप्प बसायचं. तुमची पाठ फिरली आणि ट्रॅक्टर बसला.

बसला म्हणजे असं. चालवणाऱ्याच्या समोर ऑइलचा दाब दाखवणारा काटा असतो. ट्रॅक्टर सुरू केला की तो ऐटीत वर जायचा आणि रानात नांगराची एक-दोन तासं मारली की घसरत घसरत पार तळाला. माणसाला जसं रक्त, तसं इंजिनाला ऑइल. दाब नसताना चालवलं तर आतलं लोखंड लोखंडाला खातं. (हे मी ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत वाचलं. ती इंग्रजीत आहे, म्हणून आजवर कोनाड्यात काड्यापेटीखाली पडली होती.)

गोटीराम मिस्त्री आले. त्यांनी पट्टी काढून ऑइल पाहिलं, पुरेसं होतं. वास घेतला, डिझेल मिसळलेलं नव्हतं. इथवर ठीक. मग बिडी शिलगावून निकाल दिला, की बेअरिंगं गेली, क्रँक गेला, इंजिनात काही राम राहिला नाही. मी म्हटलं, आधी काटाच खोटा नाही ना ते बघू, दुसरा लावून पाहा. तर म्हणे, "ताई, तुम्ही बुकं शिकल्या, मी इंजिनं शिकलो." तेवढ्यासाठी मी अख्खी दुपार भांडले. (दुसरा काटाही पडला. पण पहिला खरं बोलत होता एवढं तरी कळलं!) अण्णा ओट्यावरून ओरडले, "मैने, तुझ्या पानिपतात कोन्चा ट्रॅक्टर व्हता गं?" माझा विषय इतिहास होता हे त्यांना फक्त टोमणा मारताना आठवतं. त्याच ओट्यावरून त्यांनी मालेगावच्या व्यापाऱ्याला निरोपही धाडला, की सोमवारी या आणि ट्रॅक्टर न्या. त्याच पैशात पुन्हा बैलजोडी.

मी मात्र त्या काट्यासमोर ठाण मांडून बसले. तो पडला की इंजिन बंद करायला लावायची. जरा थांबून, इंजिन तापलेलंच असताना, पुन्हा सुरू करायला लावायची. काटा पुन्हा ऐटीत वर! आत्या, बेअरिंगं झिजली असती तर तापलेल्या इंजिनात ही ऐट आली असती का? म्हणजे तळाशी जिथून ऑइल ओढलं जातं त्या जाळीवर काहीतरी येऊन चिकटत होतं आणि इंजिन थांबलं की सुटून खाली पडत होतं. मोरीच्या जाळीवर खरकटं बसतं तसं. हे सांगितलं तर गोटीराम म्हणाले, मोरीतलं बाईमाणसाला बरोबर कळतं. पाना माझ्या हातातच होता. त्यांचं नशीब म्हणून मी तो इंजिनाखालच्या चेंबरचे बोल्ट खोलायला वापरला.

चेंबर उतरलं. जाळीवर काळपट-पिवळा, चिकट लगदा. गोटीरामनी तो बोटावर चोळला आणि हुंगला. अण्णा ओट्यावरून उतरून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या लंकाचं पुरान हाय."

कसं ओळखलं, विचारा. आईचं पुरण लोण्यासारखं असतं, ते केव्हाच जाळीतून पार झालं असतं. तुमच्या पुरणात अर्धी डाळ अख्खी राहते आणि त्याबद्दल हे घर वर्षानुवर्षं तोंड मिटून आहे. तीच डाळ ऑइलमध्ये तळून निघून जाळीच्या भोकाभोकांत बसली होती! बैल नाहीत, पण नैवेद्य चुकता कामा नये, म्हणून तुम्ही ट्रॅक्टरचं तोंड शोधून काढलंत आणि ऑइल ओतायच्या भोकातून पोळी भरवलीत. कुंकू लावलंत, माळ घातलीत, मी अडवलं होतं का? भरवायचं कशाला?

जाळी धुतली, ऑइल बदललं. काटा वर गेला आणि दिवसभर वरच राहिला. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, पोरी, जिंकलीस. ते काय म्हणाले, ऐका. "बैलानं पोळी खाल्ली तर बैलाला जोर येतो. पोळीनं मरतं असलं जनावर मला नको." गोटीरामनी मान डोलावली. सोमवार कायम! म्हणजे मी चुकले असते तरी ट्रॅक्टर गेला असता आणि खरी ठरले तरी जाणार. मग मला शिकवलं कशाला?

झाला माझा राग लिहून. (झालेला नाही. कागद संपत आला.)

तुमची, अजून धुमसत असलेली भाची,
मैना

ता.क. अण्णा या जगात फक्त तुमचं ऐकतात. रविवारपर्यंत या आणि त्यांना सांगा, की बैल आणू नका. आपल्या काजळ्या बैलाचा खांदा सोलला होता तेव्हा हळद आणि लोणी घेऊन तुम्हीच त्याच्याजवळ बसायचात आणि मला म्हणायचात, "पोरी, याचं वझं कोन उतरवणार गं?" मी ते उतरवलं. तुम्ही विसरलात, त्याचा राग पोळीपेक्षा जास्त आहे.

ता.क. २. वाल्मीकदादा, त्या भोकाचं झाकण पान्याशिवाय फिरत नाही आणि आत्यांनी जन्मात पाना धरलेला नाही. हेही मोठ्यानं वाच. मग आत्यांची पिशवी उचल आणि त्यांना घेऊन ये.

ता.क. ३. आत्या, येताना ट्रॅक्टरनं खाल्लेली माझी पोळी भरून आणा. डाळ अख्खी राहिली तरी चालेल.