एका बोटाचा लॅपटॉप

१ सप्टेंबर, रविवार
विहाराच्या अभ्यासिकेसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष चंद्रशेखर सर यांच्या मुलाने देणगी दिली आहे. अमडापुरात एमएस-सीआयटी झालेले पुष्कळ आहेत, पण सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेला मी एकटाच. त्यामुळे निवड माझ्याकडे. सरांचं म्हणणं, पोरं जास्त आहेत, साधे दोन घ्या. मी म्हणालो, साधे दोन म्हणजे दोन दुखणी. उत्तम एक घेऊ. सर म्हणाले, "तुले समजते ना? मंग घे बाबा."
माझी बहीण समता हिची आरोग्य विभागाची परीक्षा नोव्हेंबरात आहे. कम्प्युटरवर द्यायची, आणि तिने आजवर माउस धरलेला नाही. म्हणजे घाई आहे. म्हणूनच घाई करायची नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
घेतला. तेरा इंची, प्रीमियम, कॉम्पॅक्ट. बुलढाण्याहून एसटीत मांडीवर, आईच्या शालीत गुंडाळून आणला. शेजारच्या बाईंनी विचारलं, किती महिन्यांचं आहे.
गुण: हलका. धातूचा. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो. अंधारात अक्षरं उजळतात.
दोष: पेन ड्राइव्हला जागा नाही. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हमध्ये आणल्या होत्या. तो हातात धरून त्यांनी लॅपटॉप चारही बाजूंनी तपासला. मग म्हणाले, "याले दरवाजाच नाही का बे?" मी समजावलं की वस्तू जितकी उत्तम तितकी भोकं कमी. सरांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला. पटलेलं दिसलं.
सर्वांत मोठा गुण: बोटाच्या ठशाने उघडतो.

१५ सप्टेंबर, रविवार
सुरक्षेची व्यवस्था पूर्ण. पाच बोटांची सोय आहे. पाच जणांची बोटं घातली तर जबाबदारी पाच ठिकाणी वाटली जाते आणि कुणाचीच राहत नाही. म्हणून पाचही जागी माझी उजवी तर्जनी घेतली: सरळ, डावीकडे कललेली, उजवीकडे कललेली, टोक, आणि थोडी दाबून. दोन मिनिटं हात लागला नाही तर आपोआप लॉक.
पासवर्डही ठेवला आहे. फार अवघड. इथे लिहिण्याचा मोह झाला, टाळला. शाबास.

१९ सप्टेंबर, गुरुवार
समताचा पहिला सराव. काळ-काम-वेगाचं गणित आलं. ती विचार करत बसली, पडदा काळा झाला. "दादा, बोट!" ठेवलं. पुढचं गणित. "दादा, बोट!" ठेवलं. मी तिला शांतपणे सांगितलं की तुझं गणित हळू आहे. ती म्हणाली, "माह्यं गणित हळू नाही, तुहा लॅपटॉप झोपाळू हाय." दोन मिनिटांची दहा कर म्हणाली. चोराला दोन मिनिटं पुरतात, हे तिला कोण सांगणार.

२६ सप्टेंबर, गुरुवार
मागणी वाढली. आज केस कापायला बसलो होतो. अर्धे झाले होते. अभ्यासिकेतली रुपाली दारात आली. "दादा, बोट पाह्यजे." तसाच गेलो. परत आलो तर खुर्चीत दुसरा माणूस. उरलेले केस उद्या.
गावात आता मला प्रसेनजित कुणी म्हणत नाही, बोट म्हणतात. किराणा दुकानदार तर बोटराव म्हणाला. एवढा मान घरात कुणाला मिळालेला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
सोयाबीन कापणीला आलं. मी बाबांना कळवलं की शेंगा टोचतात, ठसा बिघडतो, आणि हे बोट आता समाजाचं आहे. बाबा म्हणाले, "मंग बोट घरी ठेव अन् तू ये." यातली चूक मी त्यांना समजावून सांगितली. आई विळा घेऊन निघता निघता म्हणाली, "कापणी आली की याचा एकेक अवयव समाजाचा होते." समताही गेली. दुपारी कापणी, संध्याकाळी अभ्यास. मी घरी थांबून बोट सांभाळलं. वाटतं तितकं सोपं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
महत्त्वाची बातमी. परीक्षा घेणाऱ्यांनी सरावाची लिंक दिली आहे. हुबेहूब खऱ्या परीक्षेसारखी. एकच दिवस, १० तारखेला, आणि एकदाच देता येते. समताला फार घोर लागला आहे. गणितं येतात, पण घड्याळ चालू असलं की माउस सुटतो, असं म्हणाली.
धोका पत्करायचा नाही. बोटाला कापूस लावला, वर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट, वर चिकटपट्टी. दहा तारखेपर्यंत उघडायचं नाही. जेवण चमच्याने. समताने विचारलं, "मंग तवरोक सराव?" मी म्हणालो, सरावाच्या रक्षणासाठीच सराव बंद आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी
लॅपटॉप कालच विहारातून घरी आणून ठेवला होता. पट्टी काढली. बोट रात्रभर भिजवलेल्या वालासारखं. पांढरं, फुगलेलं, सुरकुतलेलं. लॅपटॉपने ओळखलं नाही. सरळ, डावीकडे, उजवीकडे, टोक, दाबून. नाही. उन्हात धरलं. आईने चुलीजवळ धरायला लावलं. समताने फुंकलं. नाही.
पासवर्ड मागतो आहे. पासवर्ड फार अवघड आहे.
ही रोजनिशी चाळली. १५ सप्टेंबरला स्वतःला शाबास म्हटलेलं सापडलं.
सहा वेळा चुकल्यावर आता तो थोड्या वेळाने या म्हणतो. नोंद करण्यासारखा गुण: सुरक्षा इतकी पक्की की मालकालाही दाद देत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
समता बाबांची गाडी घेऊन चिखलीला हरिओम नावाच्या पोराच्या झेरॉक्स-कम्प्युटरच्या दुकानात गेली होती. निघताना काही बोलली नाही. रागावली असती तर बोलली असती, म्हणजे रागावलेली नसावी.
दिवेलागणीला आली. तिथे रांग होती, बसायला उशीर झाला. अर्धा पेपर सुटला. पाय धुऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "येऊन राह्यलं होतं रे मले सगळं. माउसचा बाण हातात राह्यत नव्हता." मग रडली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोट पाठीमागे घेतलं.

१३ ऑक्टोबर, रविवार
चंद्रशेखर सर लॅपटॉप बुलढाण्याला घेऊन गेले. दुकानातल्या माणसाने सगळं पुसून नव्याने चालू करून दिला. सोबत एक वायर आणली, तिच्यात पेन ड्राइव्ह जातो. आता लॉक नाही. कुणाचंच बोट नाही. धर्मशाळा.
मी लेखी हरकत घेतली. सरांनी पूर्ण वाचली आणि म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं हाय तुह्यं."
माझ्या बोटाला नवी कातडी आली आहे. ठसा पहिल्यापेक्षा स्पष्ट. कुणी विचारलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
अभ्यासिकेत लॅपटॉपपुढे आता सात जण असतात. समता म्हणते, माझा नंबर येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. ती रोज चिखलीला जाते. हरिओम फुकट बसू देतो, बदल्यात ती लोकांचे फॉर्म भरते. मी एकदा सोबत जाऊन त्या कम्प्युटरचे दोष पाहून आलो. अजस्र. पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. बटणांवरची अक्षरं पार पुसलेली. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "पुसली म्हणूनच तं न पाहता हात चालाले लागला."
साधे दोन घेतले असते तर, असं सर परवा कुणाशी तरी बोलत होते. मी पुढे गेलो, ऐकलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
समताची परीक्षा झाली. अकोला केंद्र. बाबा सोबत गेले होते. मी येतो म्हणालो होतो, तिने नको म्हटलं. घरी कुणीतरी हवंच.

१७ जानेवारी, शुक्रवार
निकाल. समताचं नाव यादीत आहे. सरांनी विहारात पेढे वाटले. हरिओमने चिखलीहून फोन केला, आईशी बोलला.
शांतपणे विचार केला. लॅपटॉप उघडला असता तर समता घरीच बसली असती. चिखलीला गेली नसती, फॉर्म भरले नसते, हात बसला नसता. म्हणजे निवड योग्यच होती. गुणांमध्ये भर: वेळेवर न उघडल्यास उमेदवार घडतो. हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिले नको सांगू."

९ फेब्रुवारी, रविवार
समता जानेफळला गेली. उद्या आरोग्य केंद्रात रुजू होणार. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मोठा आहे.
संध्याकाळी विहारात गेलो. लॅपटॉप मोकळा होता. रुपाली म्हणाली, "बसा ना दादा, कोणी नाही आता."
बसलो. उघडला. कुणी अडवलं नाही, त्यानेही नाही. पडदा स्वच्छ. अक्षरं उजळली. काहीही म्हणा, वस्तू उत्तम आहे. समोर पांढरं पान आलं आणि त्यावर एक रेघ लुकलुकत राहिली.
इतक्या दिवसांत मी हा किती वेळा उघडून दिला. उघडल्यावर पुढे काय करतात, ते बघायचं राहिलं.
बराच वेळ बसलो.
रुपालीने मागून विचारलं, "झालं का दादा?"
झालं म्हणालो आणि उठलो.