मेंढरांची फळी

नारीन, ११ जून

प्रिय मेलिसदादा,

सलाम. आम्ही खुशाल, मेंढ्याही खुशाल. मॉस्कोत तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. आईचा गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

परवा आम्ही उन्हाळी कुरणावर चढलो. गेली पाच वर्षं मी ट्रकमधून जात होते, कढया आणि कोंबड्यांच्या मधोमध. वाटेवरच्या बायका घोड्यावरच्यांना थांबवून ताकासारखं आंबट आयरान पाजतात. सामानाला कोण विचारतं? यंदा म्हटलं, येईन तर घोड्यावरून, नाहीतर येतच नाही.

सागिनकाकांनी खोगीर केलं. लहानपणी आपल्याला ज्यात बसवायचे ना, पुढेमागे कठडे असलेलं, तसंच, पण माझ्या मापाचं. "आता पाळणाही करून घे!" आई म्हणाली. खाली दुहेरी लोकर घातली, कारण कमरेखाली घासून जखम झाली तरी मला कळत नाही. आणि चढायचं कसं? मेंढरं ट्रकात चढवायची तिरपी फळी आहे ना, तिच्यावरून माझी चाकांची खुर्ची वर ढकलली आणि घोडा शेजारी उभा केला.

"माझी लेक काय मेंढरू आहे?" आई कडाडली.

"मेंढरू परवडलं, ते एवढं बोलत नाही," काका म्हणाले.

सरावाच्या पहिल्या दिवशी चाकं बघून घोडा असा उधळला की काकांची टोपी चिखलात. मग मी रोज मांडीवर मिठाचा खडा घेऊन त्याच्यासमोर बसायचे. खडा चाटता चाटता त्याने तू पाठवलेल्या खुर्चीचे हातही चाटून ठेवलेत.

आणि बसले रे मी, दादा! रडले, खोटं कशाला सांगू. पाच वर्षं सगळ्यांच्या हनुवट्याच बघत होते. पुलापाशी एका अनोळखी म्हातारीने वाडगा माझ्याकडे वर केला, "पी गं पोरी, वाट सुखाची होवो." माझ्यासाठी तिने हात उंच केला होता. सगळं आयरान मी एका दमात संपवलं.

घोडा कोणता ते सांगायचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तोरूच. मी पडले त्या दिवशी "कापून टाका याला" म्हणून तू निघून गेलास, तोच. मीच त्याला काकांच्या कळपात लपवायला लावलं. त्याचा पाय बर्फावर घसरला, त्यात त्याचा काय दोष? "पळव" म्हणून तू ओरडलास, त्यात तुझाही नाही. तू गप्प बसला असतास तरी मी पळवणारच होते. मला ओळखत नाहीस का?

उजवीकडून काका चालले, डावीकडून आई, माझा पाय धरून, अख्खी वाट. संध्याकाळी तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तिला आता तेवढं चालवत नाही, दादा. सप्टेंबरात खाली उतरायचंय. डावी बाजू तुझी आहे. तिथे मी दुसऱ्या कोणाला उभं राहू देणार नाही. तू आला नाहीस तर तोरू आणि मी वरच थांबू, मग बर्फ पडो की काही होवो.

पुन्हा ट्रकात न बसणारी,
तुझी हट्टी बुरुल