व्हरांड्यातील बाकावर बसू देण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्याध्यापिकाबाई,
बालवर्ग विभाग.

विषय : नातीच्या शाळेच्या वेळात अर्जदारास फाटकाच्या आत, व्हरांड्यातील बाकावर बसू देण्याबाबत.

संदर्भ : आपण काल सर्वांसमक्ष दिलेला तोंडी आदेश : "आजोबा, उद्यापासून फाटकाबाहेर."

महोदया,

मी खाली सही करणार, बसचा निवृत्त कंडक्टर, कालच आपल्या बालवर्गात दाखल झालेल्या ठमीच्या आईचा बाप, सविनय कळवतो की सदर आदेश माझ्यावर अन्याय करणारा आहे. आदेश देताना आपण हसत होता, हेही नमूद करतो.

१. मुलांची घरीच थोडी तयारी करून घ्यावी, असे आपण पालकांना कळवले होते. आपल्या हाताने जेवणे, बूट घालणे, शू लागल्यास सांगणे आणि घरच्यांशिवाय थोडा वेळ राहणे. ठमीची आई इस्पितळात नर्स आहे व भल्या सकाळी निघते, त्यामुळे ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मी ती माझ्या पद्धतीने पार पाडली. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. ही पद्धत माझ्या सबंध नोकरीत कधी फसली नव्हती. दोन टोले पडताच ठमी बूट घालून दारात हजर होत असे. डावा बूट उजव्या पायात असे, परंतु उशीर कधी झाला नाही.

२. काल प्रार्थनेसाठी आपल्या शिपाईमामांनी घंटेवर नेमके दोन टोले दिले. ठमी उठली, दप्तर पाठीला लावले आणि "चला, चला, पुढे सरका" असे ओरडत पुढची अख्खी रांग घेऊन फाटकाबाहेर पडली. सर्व मुले कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी सापडली, तीही रांगेत. आता यात मुलीचा काय दोष? टोले किती द्यावेत, हे शिपाईमामांनी आधी विचारायला हवे होते, असे माझे नम्र मत आहे. तरीही, शाळेतली घंटा वेगळी असते, हे मी तिला कालच समजावले असून पेला फडताळात ठेवून दिला आहे.

३. घरच्यांशिवाय राहण्याचा सरावही झाला. ठमी शेजारच्या काकूंकडे खेळत असे व मी जिन्याखाली जाऊन बसत असे. ती एकदाही रडली नाही. मी मात्र छत्री राहिली, चष्मा राहिला, अशा कारणांनी सारखा वर जात असे. शेवटी एके दिवशी तिनेच छत्री, चष्मा आणि पाण्याची बाटली माझ्या हाती देऊन "आता जा बघू" असे फर्मावले. त्यावर माझ्या लेकीने "बाबा, शाळेत तिला घालायचंय की तुम्हाला?" असा शेरा मारला. तो मला मान्य नाही.

४. आपणही काल म्हणालात, "मुलीची तयारी छान झालीय, आता तुमची करा." बाई, माझी तयारी कोण करून घेणार? मी बाकावर गुपचूप बसेन. खिडकीतून डोकावणार नाही. मुलांच्या नाड्या बांधीन, नाके पुसेन, घट्ट बसलेले डबे उघडून देईन. बाक नसेल तर उभा राहीन. उभे राहण्यात माझा जन्म गेला आहे.

५. खरे सांगतो. सकाळी लेक कामावर गेली की घरात ठमी आणि मी, दोघेच. आज तिला सोडून घरी गेलो तर घर खायला उठले. म्हणून परत येऊन शिंप्याच्या बाकड्यावर हा अर्ज लिहीत आहे. फाटकातून आत जाताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि फार वाईट वाटले.

सबब, बाकाची विनंती मान्य करणे जमत नसेल, तर निदान एवढे करावे. ठमीने माझी आठवण काढली, तर शिपाईमामांकरवी फाटकापाशी निरोप पाठवावा. आणि दिवसभरात तिने माझी आठवण एकदाही काढली नाही, तरीही काढली, असाच निरोप पाठवावा.

आपला आज्ञाधारक, तूर्त फाटकाबाहेर,
(सही)
ठमीचा आजोबा

दिनांक : शाळेचा दुसरा दिवस