घरच्या माणसाचं नाव

३ जून
पोचले बाई एकदाची राजूरला! पाथर्डीहून तीन एसट्या बदलल्या, अंगाचा पार भुगा झाला. ऑफिस किराणा दुकानाच्या माडीवर, खिडकीतून डोंगर. आजाऱ्याला जीप बोलावून देणारं ॲप करायचंय. मालक आप्पासाहेब गोड माणूस. सोबतचा अवधूत मात्र शून्यात बघत बसतो. दुपारी एकला आईचा फोन, स्नेहल, जेवलीस का गं? घोडी झाले तरी हिचं तेच!

५ जून
ॲपचे सगळे पासवर्ड एका फाइलीत. फाइल ज्याची त्याच्या मशीनवर. बाहेर पाठवायची नाही, वहीत उतरवायची नाही. डोक्यातसुद्धा ठेवू नका, म्हणाले आप्पासाहेब. एक पासवर्ड आपला आपण घालायचा. घरच्या माणसाचं नाव घाला, ते कोण विसरतंय! मी आईचं घातलं, विजया.

१० जून
अवधूतची बायको अनन्या डबा घेऊन आली. ह्याने विचारलं, ताई, कोणाकडे आलात? मला हसूच फुटलं. ती हसली नाही. डबा ठेवून जिना उतरली. नंतर त्याची फाइल पाहिली. त्यात 'अनन्या' होतं.

१४ जून
एकला फोन आला. आवाज आईचा, पण तिचा चेहराच डोळ्यांपुढे येईना. धावत जाऊन फाइलीतून तिचं नाव पुसलं. म्हटलं, परत येईल सगळं. उलट आवाजही गेला. नाव परत घालायला बसले तर नावच—

१५ जून
मागचं पान उघडलं. 'विजया' लिहिलंय. अक्षर माझंच. वाचून काही वाटलं नाही.

१८ जून
एकला मोबाईलवर 'आई' येतं. कोणाची? बाई विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते. आज रडत होती. मी धरून ठेवला फोन. भूक नव्हती.

२० जून
तीच बाई आली. पाथर्डीहून, म्हणे. शेंगदाण्याचे लाडू आणलेत. मावशी, कोणाकडे आलात, विचारलं. ती जिन्यातच बसली.

२१ जून
माझ्या पासवर्डची जागा मोकळी आहे. घरच्या माणसाचं नाव घाला, म्हणाले. घरचं कोणी आठवेना — माझंच घातलं.

२२ जून
लाडू बरे आहेत. बाई अजून जिन्यातच. स्नेहल, स्नेहल, करून हाका मारतेय. बिचारी. खाली जाऊन सांगावं, मावशी, ह्या नावाचं इथं कोणी—