काचेपलीकडून

लेह,
१० ऑगस्ट १९९४

प्रिय मंजुळा,

सप्रेम जयभीम. मी सुखरूप पोचलो. डोकं दुखतं, पण इथे नव्या आलेल्या सगळ्यांचंच दुखतं, तेव्हा घाबरू नकोस. आपल्या सुगतचं सांवेर रोडवरच्या कारखान्यात ठीक चाललंय ना?

मनालीहून लेहचा रस्ता ऐकला होता त्याहून भारी निघाला. गवताची काडी नाही, आणि आभाळाचा निळा आपल्या मिलच्या रंगखात्यालाही जमला नसता. अख्खी बस ओकून गळपटली होती. मी तुझे बेसनाचे लाडू खात बसलो, म्हणून कंडक्टर माझ्यावर चिडला होता.

बारालाचा घाट उतरताना दरड पडलेली. समोर ट्रक, बाजूला दरी. बस मागे घ्यायची, तर कंडक्टर आडवा झालेला आणि वाऱ्यात कुणाची हाक ड्रायव्हरला ऐकू जाईना. मी उतरलो, आरशात दिसेन असा उभा राहिलो आणि मिलच्या साचेखात्यातल्या हातखुणा सुरू केल्या. मागांच्या खडखडाटात आम्ही जन्मभर तसेच तर बोललो! तळवा वर, म्हणजे हळू. मूठ, म्हणजे थांब. बस सुटली.

ड्रायव्हर म्हणाला, "पुलिस में थे क्या?"

"नहीं भिया, कपड़ा मिल में."

मिल बंद पडल्यापासून हे मी पहिल्यांदाच मान वर करून सांगितलं. फार बरं वाटलं.

इथल्या लोकर केंद्रातले माग चांगले आहेत. शिकायला येणाऱ्या पोरी मला मास्टरजी म्हणतात. नुसतं बघून येतो असं तुला सांगितलं होतं, पण मी नोकरीला हो म्हणून बसलोय. आणि बर्फ पडला की हा रस्ता बंद होतो, तो थेट उन्हाळ्यात उघडतो.

एक गोष्ट मघापासून टाळतोय. निघताना सरवटे बसस्टँडवर तू "पोचलात की कळवा" म्हणालीस. मग इंजिन सुरू झालं, आणि आता मला ऐकू येणार नाही असं समजून तू काचेपलीकडून म्हणालीस, "मला पण घेऊन चला ना." साचेवाल्यासमोर ओठ हलवलेस, वेडे! आवाज नसला तरी आम्हाला सगळं वाचता येतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी न कळल्यासारखं केलं. रस्ताभर तेच डोक्यात होतं.

रस्ता बंद व्हायच्या आत ये. सुगत आईला मनालीपर्यंत सोडेल, आणि मग घरी एकटा पोळ्याही लाटायला शिकेल. इथे मी स्टँडवर उभा असेन. उतरायच्या आधी काचेतूनच मनात येईल ते बोल. या वेळी उत्तर देईन.

तुझ्या बसची वाट पाहणारा,
चांगदेव