पहिल्या चाचणीचा शेरा

३ मार्च
व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून आज रुजू झाले. ओटे स्वच्छ, परीक्षानळ्या उंचीनुसार लावलेल्या. मन प्रसन्न झाले. बाटल्या धुणाऱ्या मावशींची जीभ मात्र फार चालते. माझ्या आधीचे साहेब चाचणीपट्टीच्या प्रत्येक अहवालावर ‘संशयित’ लिहीत, असे कळले. भित्रा माणूस.

५ मार्च
वॉर्डाच्या मुकादमांना सारे पैलवान म्हणतात. त्यांनी विचारले की बाई, एवढ्याशा लघवीत तुम्हाला सापडतं तरी काय. मी समजावले: शरीरात कोणते द्रव्य आहे हे कळल्यावाचून उपचार ठरत नाहीत; चाचणी त्यासाठी असते, शिक्षेसाठी नव्हे. पट्टी केवळ शंका घेते. खात्री यंत्र देते, दोन दिवसांनी. त्यांनी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मार्च
येथले एक रुग्ण, सहा महिने निर्व्यसनी राहिलेले मास्तर, परवा घरी जायचे होते. त्यांची पट्टी अफू दाखवते. शास्त्राने कच खाऊ नये, म्हणून ‘अफू आढळली’ असे स्वच्छ लिहून सही केली. मावशी म्हणाल्या, ‘संशयित’च राहू द्या की, एका शब्दानं तुमचं काय जातंय? मी त्यांना कडक समज दिली.

१० मार्च
सकाळी धुलाईखोलीतून आवाज आले. पलंगाचा लोखंडी दांडा हाडावर बसला की आवाज ओला येतो, हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. मावशींनी बादली आणून दाखवली. मास्तरांचे चार दात. ‘संशयित’ असेल तर यंत्राच्या निकालापर्यंत हात लावायचा नाही, ‘आढळली’ असेल तर दांडा, ही येथली रीत. पैलवान म्हणाले की सही तुमचीच ना बाई, आम्ही हुकमाचे ताबेदार.

११ मार्च
यंत्राचा निकाल: अफू नाही. केंद्रानेच दिलेल्या खोकल्याच्या औषधाने पट्टी फसली. मी फसले. धावत गेले — जबडा लोंबलेला, एक डोळा — मास्तरांनी माझा हात धरला. मग बोटे सैल पडली.

१२ मार्च
त्यांच्या पत्नीला सारे लिहिले. पत्र मावशींजवळ दिले. तासाभरात ते परत आले, फाटलेले, ओले. मावशी जिन्याखाली. मान उलटी —
पैलवान म्हणाले, बाईंचं डोकं फिरलंय, बाईंनाही तपासू.

१३ मार्च
नमुनाखोलीत कोंडले आहे. दाराच्या काचेतून ओटा दिसतो. माझ्या नावाची बाटली — मी नमुना दिलेलाच नाही. पैलवानांनी तीत पट्टी बुडवली. आता मांडीवर दांडा घेऊन बसले आहेत. विचारतात, किती वेळ थांबायचं हो बाई? पाच मिनिटे, मी म्हणाले. दहा सांगायची होती —
स्वच्छ असेल तर दोन रेघा. एक उमटली.
चार मिनिटे. शेजारी काहीतरी फिकट — फिकट रेघही रेघच असते, पैलवान, फिकटही चालते, मी ओरडते आहे, ते नुसते हसतात — उठले — कडी