जॉइंटमधला अर्धा ओहम

कोपरी, ठाणे पूर्व
रविवार, चर्चमधली मिस्सा आटोपून

प्रिय डिनो,

सहा वर्षांनी धाकट्या भावाला पत्र लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य चार वेळा खोडलं. शेवटी तुझी वहिनी उर्सुला वैतागून म्हणाली, की तुम्हाला आकडेच बरे जमतात, आकड्यांपासून सुरू करा. तेव्हा घे आकडे: साडेसात व्होल्ट, पंधरा अँपिअर. आणि पुरं वाचल्याशिवाय फाडू नकोस.

आधी घरची खबर. तुझ्या पुतणीचं, जोॲनचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात बारा तारखेला चर्च, आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचं. मुलगा वसईचा, शांत आहे. आपल्या जोॲनपुढे तसाच लागतो. दुकान बरं चाललंय. दिवसभर गीझर, मिक्सर आणि जळक्या इस्त्र्या. गुडघा कुरकुरतो, पण शिडीवर मीच चढतो.

जोॲनच्या मांडवासाठी माळ्यावरची जुनी वायर खाली काढली. रोवेनाच्या लग्नातली. आपल्या बहिणीच्या मांडवाला मी दोन लाइनी ओढल्या होत्या, दोन्ही मध्येच कमी पडल्या म्हणून एकेक जॉइंट मारला होता. तू आयटीआयमधून नुकता शिकून आलेला. कनेक्टर लाव, आधी मोजून बघ, म्हणून माझ्या मागे लागला होतास. मी चारचौघांत तुझी टर उडवली. पापांनी तीस वर्षं तारा पिळून नुसती टेप मारली, एक दिवा विझला नाही, असं वर ऐकवलं.

त्या संध्याकाळी मांडवाचं कापड पेटलं आणि रोवेनाचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. सगळं गावठाण बघत असताना मी म्हणालो, डिनोने मला न विचारता कोल्ड्रिंकचा फ्रीजर जोडला, लोड वाढला. मोठ्या भावाला उलट बोलायचं नाही, ही ममाची शिकवण तू पाळलीस. पुढे गावठाणात कुणी तुला साधा पंखा लावायलाही बोलावलं नाही. सहा महिन्यांत तू डोंबिवलीला एमआयडीसीत पॅनेल बनवायला निघून गेलास, तो या दारात परत आला नाहीस. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

एक लाइन जळाली, दुसरी मात्र जशीच्या तशी होती, माझ्या हातच्या जॉइंटसकट. मंगळवारी ती दुकानात लावली. त्या दिवशीइतकेच पाचशे वॉटचे सहा हॅलोजन, वर तसाच फ्रीजर. क्लॅम्प मीटरने पंधरा अँपिअर करंट दाखवला. मग जॉइंटच्या दोन्ही अंगांना मीटरच्या पिना टेकवल्या. चांगल्या जॉइंटमध्ये व्होल्टेज जवळजवळ पडतच नाही. माझ्या जॉइंटमध्ये साडेसात व्होल्ट पडत होते. साडेसातला पंधराने भागलं, अर्धा ओहम रेझिस्टन्स. साडेसातला पंधराने गुणलं, एकशे बारा वॉट. म्हणजे जुना शंभरचा बल्ब करंगळीएवढ्या जागेत कोंबून वर टेप गुंडाळलेली. दहा मिनिटांत वास सुटला.

मग फ्रीजर काढला. तो घेतो दोन अँपिअर. दोनशे तीस गुणिले दोन, चारशे साठ वॉट. (कंप्रेसरचा हिशोब थोडा वेगळा असतो, माहीत आहे मला, शिकवू नकोस.) करंट तेरावर आला, जॉइंटवर साडेसहा व्होल्ट, म्हणजे चौऱ्याऐंशी वॉट तरीही तिथेच जळत होते. वास येतच राहिला. तुझा फ्रीजर नसता तरी कापड पेटलंच असतं, फार तर जेवणं उरकल्यावर.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. मीटरने मला काही नवं सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी चारला, फ्रीजरचा टेम्पो यायच्या आधी, हॅलोजन लावून बघताना मला हाच वास आला होता. शिडीवर चढून हात लावला तर जॉइंट चटका देत होता. खाली तू उभा होतास. तुझ्याकडे कनेक्टर मागायला माझी जीभ रेटेना, म्हणून वरून टेपचा आणखी एक पदर दिला आणि उतरलो. रोवेनाला हे काल सांगून आलो. ती रडली, मला शिव्या घातल्या, मग चहा दिला. उंबराच्या पाण्याला निघण्याआधी बँड थांबवून हे सगळं मी मांडवात सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. मला माफ कर, डिनो. नवी वायर आणली, ओढून ठेवली, कनेक्टरही आणले, पण एकही जॉइंट केलेला नाही. ते तू करायचे, आणि मोजून झालं की मेन स्विचही तूच टाकायचा. नाही आलास, तर माझ्या मुलीचा मांडव मेणबत्त्यांवर होईल. उर्सुलाला तसं सांगितलंय. तिने दहा डझन आणून ठेवल्या आहेत.

तुझाच,
अँब्रोज